कसब्यातला वाडा, पाहुण्यांच्या चार खोल्या : डागडुजीची वही

२१ जानेवारी २०२४

आजपासून ही वही. वाडा सोलापूरच्या उत्तर कसब्यात, गल्लीच्या आत. रिक्षा दारापर्यंत येते, चारचाकी येत नाही. दारावरच्या गणेशपट्टीवर शके १८१७ कोरलंय, म्हणजे १८९५ साल. माझे चुलते इथले शेवटचे राहणारे. ते गेल्यापासून सहा वर्षं कुलूप. पुढं सोपा (ओसरी), मध्ये १६ बाय १४ फुटांचा चौक, तिन्ही बाजूंनी खोल्या, मागं माजघर, त्याच्या मागं परस आणि जुनी न्हाणी. वर सगळं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. खालच्या भिंती अडीच फुटी, दोन्ही अंगांना काळा दगड आणि पोटात माती.

चार खोल्या पाहुण्यांसाठी करायच्या. सोपा आणि चौक सगळ्यांना मोकळा. माजघर आणि शेजारची खोली मला. अंदाज २२ लाखांचा आणि दहा महिन्यांचा. पुढचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, भरेल तेव्हा दार उघडलेलं हवं.

कसब्यात, बाळीवेशीत, चाटी गल्लीत असे कुलपातले वाडे अजून आहेत. ज्यांच्या हातात किल्ली आहे आणि मनात घोळतंय, त्यांच्यासाठी लिहितेय. चुकांसकट लिहीन.

९ फेब्रुवारी

मिळकत पत्रिकेवर सात नावं. आत्या पुण्यात, एक चुलतभाऊ हैदराबादला, दोघं इथंच जुळे सोलापूरला. सगळ्यांच्या सह्यांचा नोंदणीकृत करार व्हायला आधीचे चार महिने गेलेत. वकील, मुद्रांक आणि महापालिकेचा दुरुस्ती परवाना मिळून ६० हजार. कराराआधी एक वीटही हलवू नका. आत्यानं सही करताना एकच अट घातली, "देवघराची देवळी हलवायची नाही." हलवणार नाही.

२६ फेब्रुवारी

माळवद एका कोपऱ्यात उघडून पाहिलं. मातीचा थर १७ इंच निघाला. मूळचा सात-आठ इंचांचा असावा, कारण तेवढ्यावर जुन्या चोपणीची (माती बडवून बसवल्याची) कडक पापडी दिसते. त्याच्या वर दर गळतीला कुणीतरी नवी माती ओतत आलंय. जुनी काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. १७ इंच माती म्हणजे चौरस मीटरला सात क्विंटलच्या आसपास वजन, आणि पावसात भिजली की त्याहून जास्त. कड्या, म्हणजे छताच्या लाकडी तुळया, वाकल्यात त्या यामुळं. लाकूड मुळात चांगलं आहे.

गवंडी अण्णा आज पहिल्यांदा आले. वय सत्तरीपुढचं. बोलणं कन्नड वळणाचं, हात चुन्याचा. वर जाऊन पायानं माती दाबून पाहिली आणि म्हणाले, "आधी ओझं उतरवा ताई. बाकी नंतर बोलू."

४ मार्च

मोठी चूक झाली. अण्णा दोन दिवस गावाला गेले होते. माणसांनी माती खणून माळवदाच्या मधोमध ढीग लावला, संध्याकाळी एकदम खाली सोडायची म्हणून. दुपारी तीनला उत्तरेच्या खोलीवरची एक कडी मोडली आणि ढिगातली निम्मी माती खाली आली. खोली रिकामी होती, कुणाला लागलं नाही. मी चौकात उभी होते. तो आवाज अजून कानात आहे.

दोष माझा. "माती काढा" एवढंच सांगितलं होतं. कशी काढायची ते सांगितलं नव्हतं. अण्णा आल्यावर रीत बसवली : सगळ्या माळवदावरून आधी चार इंच, मग पुन्हा चार इंच, म्हणजे ओझं सगळीकडं सारखं कमी होतं. माणसं साखळीत उभी राहून घमेली पुढं देतात आणि माती परसाच्या बाजूला पत्र्याच्या घसरंडीवरून उतरते. वर ढीग म्हणून नाही. खाली प्रत्येक खोलीत लाकडी टेकू. सहा दिवस वाया गेले, कडी आणि फळ्यांचे १९ हजार.

२२ मार्च

कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, मोकळा झाला. मधलं लाकूड खणखणीत आहे, भिंतीत गेलेली टोकं कुजलीत. ४८ पैकी ११ कड्यांची टोकं हातानं भुगा होतात. कडी अख्खी बदलायची नाही. कुजकं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडायचा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट. जुना साग पाडलेल्या घरांच्या मालातून घेतला. नवा साग स्वस्तात मिळत होता, पण तो ओला; उन्हाळ्यात आवळतो आणि सांधा उघडतो. टोक भिंतीत परत बसवताना भोवती बोटभर जागा मोकळी ठेवली. लाकूड मातीत चिणलं की कुजतंच.

खांबांवर ऑइलपेंटचे चार-पाच थर. घाई केली आणि एका खांबाला कॉस्टिक सोडा लावला. रंग निघाला, पण साग काळा पडला आणि रेषा फुगल्या. तो खांब आता सोप्याच्या डाव्या हाताला आहे, येणाऱ्याला दिसतो. बाकीचे खांब गरम हवेच्या बंदुकीनं आणि खरवडणीनं साफ केले. एका खांबाला दीड दिवस लागतो, लागू दे.

११ एप्रिल

लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल लावतोय. तेलाची फडकी सुताराच्या पोरानं कोपऱ्यात गोळा करून ठेवली होती. दुपारी चारला त्या ढिगातून धूर यायला लागला. काडी नाही, विडी नाही. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं आणि ढिगाला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही. बाजूला सुकं लाकूड होतं. पाण्याची बादली जवळ होती म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक फडकं दोरीवर एकेकटं वाळतं, नाहीतर पाण्याच्या डब्यात जातं. या वहीतलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

३० एप्रिल

भिंती. चुलत्यांनी ओल थांबावी म्हणून सोप्याच्या आणि दोन खोल्यांच्या भिंतींना चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. ओल थांबली नाही, सिमेंटच्या मागून सहा फुटांपर्यंत चढली आणि वर लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा फुलोरा, फुटला. सिमेंट छिन्नीनं सोलून काढलं. मागचा दगड ओला, सांध्यातली माती हाताला लागते इतकी मऊ.

चुन्याचा गिलावा ठरला. कळीचा चुना आणून परसातल्या हौदात भिजवला. अण्णा म्हणाले निदान महिनाभर पाण्याखाली मुरू दे. माणसं बसून होती, रोज दिला की खर्च, म्हणून मी आठव्या दिवशी काढायला लावला. अण्णांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. "हे चुना मुरलं नाही की ओ. खडे आहेत आत." मी म्हटलं गाळून घेऊ. ते पुढं काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. पण ऐकायला मीच तयार नव्हते.

२० मे

पारा ४३ च्या वर. गिलावा एका दिवसात वाळतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. चुना सावकाश वाळायला हवा, दहा-बारा दिवस दमट ठेवायला हवा. बारदान भिजवून भिंतीवर टांगतो, तासाभरात कोरडं. पाणी कुठून आणायचं? उजनी मृतसाठ्यात गेलीय आणि नळ चार-पाच दिवसांनी येतो. टँकर बाराशे रुपये, आठवड्याला दोन. शेजारच्या काकू दारात घागरी मांडून बसतात आणि मी भिंतीला पाणी पाजतेय, हे मला जड गेलं. काम थांबवलं. टँकर आला की पहिल्या चार घागरी त्यांच्याकडं.

शिवाय झालेल्या भिंतीवर फोड. लिंबाएवढा फुगा येतो, टिचकी मारली की खपली पडते आणि मध्ये पांढरा खडा. न मुरलेला चुना भिंतीत गेल्यावर मुरतोय आणि फुगतोय. दोन खोल्यांचा गिलावा सगळा काढला. एक लाख तीस हजार गेले. घाई करून वाचवायचे होते ते माणसांच्या बसल्या रोजाचे वीस हजार.

नवा चुना आज हौदात घातलाय. ऑगस्टापर्यंत हात लावायचा नाही.

८ जून

माळवद बंद झालं. क्रम असा : कडीपाट, त्यावर तुराट्या आडव्या दाट, त्यावर निंबाच्या पाल्याचा जाड थर, मग भुसा घालून कुजवलेला चिखल, शेवटी पाच इंच खारी माती चोपणीनं बसवलेली. उतार परसाकडं, पन्हळी नव्या. साणी (छतातली उजेडाची भोकं) जुन्याच जागी, पण भोवती दगडाचं कडं उचलून घेतलं, म्हणजे पाणी आत वळत नाही.

खारी माती शोधायला वेळ गेला. एकानं गावातल्या पडक्या गढीची पांढरी माती देऊ केली. नाही घेतली. एक जुनी वास्तू राखायला दुसरी पोखरायची हे मला पटत नाही. शेवटी एका शेतकऱ्याच्या चोपण रानातली घेतली, जिथं गवतही उगवत नाही. माळवदाला तीच हवी. मुळं शिरली की माती फुटते.

उत्तरेच्या खोलीवर मात्र मातीखाली रासायनिक जलरोधक थर दिला. विकणाऱ्यानं दहा वर्षांची हमी सांगितली. अण्णा नको म्हणत होते.

१७ जुलै

आषाढी. गल्लीतून सकाळपासून अभंग ऐकू येतायत. इथं चौकात गुडघाभर पाणी.

ओलीचं मूळ कारण आज कळलं. चौकातली मोरी पूर्वी गल्लीत उतरायची. गल्लीवर दर काही वर्षांनी नवा थर पडत गेला आणि आता रस्ता उंबऱ्याच्या खालच्या पायरीपेक्षा १४ इंच वर आहे. पाणी बाहेर जात नाही, बाहेरचं आत येतं. चौक तुंबतो आणि भिंती खालून पितात. मी एप्रिलात गिलाव्यापासून सुरुवात केली. सुरुवात या मोरीपासून करायला हवी होती. जो थोडा गिलावा टिकला होता त्याचे खालचे तीन फूट आज सुटले.

२ ऑगस्ट

मोरी उलट्या दिशेनं, चौकातून माजघराच्या बाजूच्या बोळातून परसाकडं न्यायची. खणताना पहार एकदम आत गेली आणि खणणाऱ्याचा पाय मांडीपर्यंत खचला. वर ओढून काढला. खाली पोकळी : ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंडावरची शहाबादी फरशी मोडली होती.

पोरं उतरून बघायला निघाली होती. अण्णांनी हात धरून थांबवलं. बंद पेवात हवा कोंडलेली असते, माणूस उतरला की वर येत नाही. जुन्या लोकांनी तसे जीव गेलेले पाहिलेत. दोन दिवस तोंड उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून सोडला. खालपर्यंत तेवत राहिला. तरी उतरलो नाही, वरूनच विजेरीनं पाहिलं. आठ-नऊ फूट खोल, मडक्याच्या आकाराचं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तळाला काळा भुसा. आत्याला फोन केला. ती म्हणाली, तिच्या आजीकडून ऐकलं होतं की चौकात पेव आहे, पण नेमकं कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

बुजवलं नाही. मोरी चार फूट बाजूनं वळवली, तोंडावर दगडी कडं आणि लोखंडी जाळी बसवली, कुलूप लावलं. ३१ हजार जास्तीचे. वाड्यातलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे पेव.

२६ ऑगस्ट

उत्तरेची खोली गळतेय. फक्त तीच. रासायनिक थराखाली लाकडाचा दमटपणा कोंडला, थर फुगला, एका सांध्याला फाटला. तिथून शिरलेलं पाणी थरावर साचून राहिलं आणि लांब दुसऱ्या टोकाला ठिबकतंय, त्यामुळं भोक सापडायला चार दिवस गेले. मातीचं माळवद गळलं तर जिथं गळतं तिथंच गळतं. थर काढून टाकला, बाकीच्यांसारखीच माती घातली. विकणारा फोन उचलत नाही.

उजनी भरली. टँकर बंद.

१९ सप्टेंबर

दुसरा गिलावा पूर्ण. तीन महिने मुरलेला चुना लोण्यासारखा निघाला. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. बेलफळ आणि गूळ भिजवलेलं पाणी. थंड हवा, ओली भिंत, एक भेग नाही. अण्णा शेवटचा हात फिरवून भिंतीला तळवा लावून उभे राहिले. मीही लावला. गार.

न्हाणीघरं : प्रत्येक खोलीला आतून जोडलेलं हवं असा माझा हट्ट होता. जुन्या भिंतीत नळ घालायचे तर खाचा पाडाव्या लागतात, आणि मातीच्या पोटाच्या भिंतीत एक नळ गळला तर वर्षभर कळत नाही. म्हणून परसात नवी, सुटी भिंत बांधून चार न्हाणीघरं ओळीनं. दोन खोल्यांना मागच्या दारानं थेट, उरलेल्या दोन खोल्यांना छताखालच्या बोळातून आठ पावलं. आठ पावलं चालायला कुणाची हरकत नसेल असं धरलंय. एकाचा उतार उलटा झाला, पाणी दाराकडं. फरशी उखडून परत, नऊ दिवस. बादलीभर पाणी ओतून पाहा, मगच फरशी पक्की करा.

पाण्याची टाकी जमिनीखाली १०,००० लिटर. आठ पाहुणे, माणशी शंभर लिटर, पाच दिवस नळ नाही, म्हणजे चार हजार; वर धुणं, स्वयंपाक, आणि मे महिना.

वीज भिंतीवरून, लाकडी पट्टीतून. खाचा नाहीत.

२४ नोव्हेंबर

अन्न सुरक्षा नोंदणी झाली, छोट्या व्यवसायाला वर्षाला १०० रुपये. पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत अर्ज केला. घरमालकानं तिथंच राहायला हवं ही त्यातली अट मला सोयीचीच.

अंथरूण-पांघरूण अर्थात सोलापूरचं. दोन चुका. जाड चादरी सगळ्या एकदम धुतल्या, लाल रंग पांढऱ्या अभ्र्यांना लागला. पहिली दोन धुणी सुटी. दुसरं, जाड चादर वाळायला दिवस घेते, म्हणून खोलीला दोन नाही, तीन लागतात. टॉवेल इथल्याच कारखान्यातून दुय्यम प्रतीचे घेतले, काठाला एखादा धागा सुटलेला असतो, बाकी दणकट.

२ जानेवारी २०२५

खर्चाची बेरीज ३१ लाख ४० हजार. लाकूड ६.८, न्हाणीघरं आणि पाणी ५.९, चुना ५.२, माळवद ४.१, वीज २.४, पलंग-गाद्या-भांडी ३.२, कागदपत्रं ०.६, बाकी किरकोळ ३.२. अंदाजापेक्षा जवळजवळ साडेनऊ लाख जास्त. त्यातले तीन लाख तरी माझ्या घाईचे.

१६ जानेवारी

गड्ड्याला दार उघडलं. चारही खोल्या भरल्या. यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, हिरेहब्बू वाड्यातून निघतात, म्हणजे आमच्यापासून चालत काही मिनिटं. १३ तारखेला अडुसष्ट लिंगांची फेरी, १४ ला अक्षता (यात्रेतला विवाहसोहळा), काल होम. पाहुण्यांत पुण्याचं एक जोडपं, धारवाडचं एक कुटुंब आणि एक आजी, ज्यांचं माहेर इथलंच, सत्तावन्न वर्षांनी अक्षतेला आल्या. त्या रात्री उशिरापर्यंत चौकात बसून होत्या. शेजारच्या काकूंशी कन्नडात बोलल्या, माझ्याशी मराठीत.

शिकलेलं : मुंबईहून वंदे भारत रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पोचते आणि सकाळी सहाच्या सुमारास परत निघते. त्यामुळं रात्री उशिरा जेवण आणि पहाटे पाचला चहा, हे धरूनच चालायचं. रात्रीसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही तयार असतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणारे पहाटेच निघतात. न्याहारी बांधून द्यायची सोय ठेवली.

आणि आजींना आठ पावलं जड गेली. बोळात रात्रीचा दिवा आणि भिंतीला लाकडी कठडा बसवला.

२९ मार्च

वातानुकूलन मागतात. जाड भिंती आणि माळवद, दुपारीही खोली बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गार असते, पण रात्री अकराला तापलेल्या गाडीतून उतरलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही, आणि पटवू नये. दोन खोल्यांत बसवलं. कारागीर भिंतीला भोक पाडायला निघाला होता. नळी झरोक्यातून नेली.

२७ मे

वर्षाला माळवदावर एक हात फिरवायचा, तो रोहिणीत, पाऊस मृगात, असा हिशेब होता. माणसं २६ तारखेपासून सांगितली होती. यंदा पाऊस मेमध्येच आला, आठवडाभर जवळजवळ रोज. माती परसात ताडपत्रीखाली पडून आणि वर भेगा उघड्या. तीन ठिकाणी गळलं. एका खोलीचं आरक्षण रद्द करून पैसे परत दिले. पुढच्या वर्षी हे काम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. कॅलेंडरवर आत्ताच लिहून टाकलं.

१४ जून

मधे आठ दिवस उघडीप मिळाली. दोन ट्रॉली खारी माती ९,०००, आठ माणसं चार दिवस २०,८००, अण्णा चार दिवस ४,०००. एकूण ३३,८००. पाच महिन्यांत १४८ खोली-रात्री गेल्या, खोलीचा दर १,८००, म्हणजे २ लाख ६६ हजार. बाईंचा पगार, वीज, धुणं, किराणा जाऊन एक लाख दहा हजार उरले. माळवदाचे पैसे त्यातून दिले. घरातून एक रुपया काढावा लागला नाही. मला एवढंच हवं होतं. कर्ज फिटायला पुष्कळ वर्षं आहेत.

चुलत्यांच्या शेवटच्या दहा वर्षांत वर कुणी चढलं नव्हतं. त्यांच्याकडं तेहतीस हजार नव्हते, आणि मागायचे कुणाकडं?

काल रात्री जोराची सर आली. तिन्ही जुन्या जागा कोरड्या. देवघराच्या वर, साण्याच्या कड्याला, नवीन एक ओला डाग आलाय, तळहाताएवढा. अण्णांनी खालून गेरूनं त्याच्या कडेला रेघ मारलीय, वाढतोय का ते उद्या बघायला येणार आहेत.